पांढरे ठिपके

(घरात मासे पाळण्याचा छंद अनेकांना असतो. परंतु मासे आजारी पडले तर काय करावे? आणि नेमके त्याच वेळी गावाला जायचे असेल तर? या पाठातील मुलावर असाच प्रसंग आला. त्याने काय केले, ते वाचा.)

आमचे घर मालेगावात आहे. आमच्या पुढच्या खोलीत काचेची एक टाकी आहे. तिच्यात ४० लीटर पाणी मावते. त्या टाकीत माझे नऊ गप्पी मासे होते. शाळेतून आलो की मी आधी त्यांच्याकडे जात असे.

डिसेंबर महिना होता. रात्री कडाक्याची थंडी पडत होती. भिवंडीला खालाच्या मुलीचे लग्न होते. लग्नानंतर सर्वजण आठ दिवस तिकडेच राहणार होते. खालू मला मुंबईचा समुद्र दाखवणार होते. मी समुद्र कधीच पाहिला नव्हता.

निघायला पाच दिवस उरले होते. सकाळी मी टाकीजवळ गेलो आणि दचकलो. माशांच्या शेपट्यांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसत होते. दोन मासे दगडाला अंग घासत होते. आठवड्यापूर्वी आणलेला काळा मोली मासा पाण्याच्या वरच्या थरात येऊन भराभर श्वास घेत होता.

मी आपाला हाक मारली. आपा कॉलेजात जीवशास्त्र शिकते. तिने टाकीत निरखून पाहिले आणि विचारले, "हा मोली आणल्यावर वेगळ्या भांड्यात ठेवला होतास का?"

मी मान खाली घातली. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा, असे तिने मला बजावले होते. पण मला धीर निघाला नाही. मी त्याला तसाच टाकीत सोडला होता. त्याच्या अंगावर तेव्हाही दोन ठिपके होते. मला ती चमक वाटली होती.

आपा रागावली नाही. ती म्हणाली, "हा एका परजीवीमुळे होणारा रोग आहे. हा जीव एकाच पेशीचा असतो. तो माशाच्या त्वचेत आणि कल्ल्यांत शिरतो आणि तिथेच वाढतो. माणसाला हा रोग होत नाही. १८७६ साली फूके नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने या जीवाला नाव दिले. त्या नावाचा अर्थ 'पुष्कळ मुले असलेली माशांवरची ऊ' असा आहे."

मी धावतच मासेविक्रेत्या चाचांकडे गेलो. त्यांना म्हणालो, "चाचा, आम्ही पाच दिवसांनी गावाला जाणार आहोत. दुप्पट औषध टाकले तर मासे लवकर बरे होतील ना?"

चाचा हसून म्हणाले, "बेटा, औषध दुप्पट केले म्हणून रोग निम्म्या दिवसांत जात नाही. मासे मात्र जातात! तुझे मासे मीठ सहन करणारे आहेत. आधी मीठ आणि ऊब देऊन बघ."

मी टाकीसाठी हीटर घेऊन घरी आलो. आपाने हिशेब केला. एका लीटरला २ ग्रॅम, म्हणजे ४० लीटरला ८० ग्रॅम खडे मीठ. ते आम्ही पाण्यात विरघळवून दोन दिवसांत थोडे थोडे घातले. पाण्याची उष्णताही हळूहळू वाढवत २९ अंश सेल्सिअसपर्यंत नेली. पाणी गरम झाले की त्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवला. रोज हीटर बंद करून मी तळाचा गाळ नळीने ओढून काढी. १० लीटर पाणी काढले की आदल्या दिवशी भरून ठेवलेले तितकेच पाणी कोमट करून घाली. त्यात २० ग्रॅम मीठही टाकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळा मोली मेला. मला फार वाईट वाटले.

चौथ्या दिवशी मात्र मी आनंदाने ओरडलो, "आपा, ठिपके गेले! मासे बरे झाले! आता आठ दिवस भिवंडीला राहायला हरकत नाही."

आपाने मला जवळ बसवले. ती म्हणाली, "ठिपके गेले, रोग गेला नाही. वाढ पूर्ण झाली की तो जीव मासा सोडून तळाला जातो. स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात एकाचे शेकडो जीव होतात. मग कवच फुटते आणि ते सगळे मासा शोधत पोहू लागतात. दोन-तीन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ते मरतात. औषधाचा किंवा मिठाचा मारा त्यांच्यावर याच वेळी चालतो. त्वचेत किंवा कवचात असताना फारसा चालत नाही."

"मग पाणी गरम कशाला केले?" मी विचारले.

"२५ अंशांना हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होते. १० अंशांना महिन्याहून अधिक लागतो. ऊब दिली की ते लवकर बाहेर येतात. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही आणखी एक आठवडा उपचार चालू ठेवायला हवा."

मी गप्प झालो. डोळ्यांपुढे समुद्र येत होता आणि काचेपलीकडे माझे नऊ मासे.

दादींचे गुडघे दुखत असल्याने त्या घरीच राहणार होत्या. अब्बाही यंत्रमागाच्या कामासाठी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी परतणार होते. रात्री मी अब्बांना म्हणालो, "मी तुमच्याबरोबरच परत येईन."

"आणि समुद्र?" अब्बांनी विचारले.

"समुद्र कुठे जाणार आहे, अब्बा?"

निघण्यापूर्वी मी पाणी बदलले. दादींना पंप आणि हीटरचा दिवा दाखवला आणि म्हणालो, "दादी, दोन दिवस त्यांना काही खायला घालू नका. मोठे मासे दोन दिवस उपाशी राहू शकतात. उरलेले अन्न मात्र पाण्यात कुजते."

दादी म्हणाल्या, "चपातीचा एक तुकडाही नाही?"

"एकही नाही, दादी!"

तिसऱ्या दिवशी आम्ही परत आलो. मी चपला काढायच्या आधी टाकीकडे धावलो. दोन गप्पींच्या अंगावर पुन्हा तीन-चार ठिपके आले होते! मी तिथे नसतो, तर आठ दिवसांत त्यांचे शेकडो झाले असते. मी पुन्हा रोज पाणी बदलू लागलो. चार दिवसांनी ते ठिपके गेले. त्यानंतर आणखी एक आठवडा मी एकही दिवस चुकवला नाही. नऊच्या नऊ मासे वाचले.

दादी म्हणाल्या, "बेटा, ज्याला आपण सब्र म्हणतो, त्याला मराठीत काय म्हणतात?"

मी म्हणालो, "धीर, दादी."

शब्दार्थ

कडाक्याची – खूप जोराची
निरखून – बारकाईने
बजावणे – निक्षून सांगणे
परजीवी – दुसऱ्या जीवावर जगणारा जीव
कल्ले – माशांचे श्वास घेण्याचे अवयव
गाळ – पाण्याच्या तळाशी साचलेली घाण
कवच – संरक्षण करणारे कठीण आवरण

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलाची कोणती चूक झाली होती?
(आ) हवेचा पंप रात्रंदिवस चालू का ठेवला?
(इ) मुलाने दादींना कोणती सूचना दिली?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) ठिपके गेले तरी उपचार थांबवता येत नव्हता.
(आ) चाचांनी दुप्पट औषध टाकू दिले नाही.

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
मान खाली घालणे, धीर न निघणे, हरकत नसणे.

प्र. ४. तुम्ही त्या मुलाच्या जागी असता, तर काय केले असते? पाच-सहा वाक्ये लिहा.

उपक्रम : सब्र – धीर याप्रमाणे उर्दू आणि मराठी शब्दांच्या दहा जोड्या लिहा.