पाण्याखालचा डोळा

किनाऱ्यावर उभे राहून पाहिले, तर समुद्राची केवळ पाठ दिसते. त्या निळ्या पडद्याआड किती जीव नांदतात, ते काय खातात, शत्रूपासून स्वतःला कसे वाचवितात, याची वरून काहीच कल्पना येत नाही. जाळ्यात सापडलेल्या माशावरून त्याचे रूप कळते. त्याचे जगणे मात्र कळत नाही. ते जाणून घ्यायचे, तर त्याच्या घरी जाऊनच त्याला पाहिले पाहिजे. आणि पाहिलेले इतरांना दाखवायचे, तर त्याचे चित्रही घेतले पाहिजे.

हे काम सोपे नाही. पाण्यात माणसाला श्वास घेता येत नाही. शिवाय दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. पण छायाचित्रकाराची खरी अडचण प्रकाशाची असते. सूर्यप्रकाशातील तांबडा रंग पाणी सर्वांत आधी शोषून घेते. त्यामुळे काही मीटर खाली गेले, की लालभडक मासाही काळपट दिसू लागतो. त्यानंतर नारिंगी व पिवळा हे रंग लोपतात आणि शेवटी उरतो तो निळा. २०० मीटरच्या खाली सायंकाळसारखा अंधूक प्रकाश असतो आणि १,००० मीटरच्या खाली सूर्याचा प्रकाश पोहोचतच नाही.

फ्रान्समधील लुई बूताँ या प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ साली या अडचणींना तोंड दिले. भूमध्य समुद्राच्या काठी बान्यूल येथील प्रयोगशाळेत तो काम करीत असे. आपल्या भावाच्या मदतीने त्याने पाणी आत शिरणार नाही अशा पेटीत कॅमेरा बसविला आणि पाणबुड्याचा जड पोशाख चढवून तो समुद्रात उतरला. पाण्यातील मंद उजेडात एका चित्रासाठी कधी कधी अर्धा तास लागे. दगड आणि वनस्पती तेवढा वेळ स्थिर राहत. पण अर्धा तास एका जागी थांबणारा मासा कोठून मिळणार? तेव्हा उजेडच पाण्याखाली नेण्याचे त्याने ठरविले. एका पिंपावर दिवा ठेवून त्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकण्याची युक्ती योजण्यात आली. पूड पेटताच लख्ख प्रकाश पडे. अशा रीतीने छायाचित्रासाठी पाण्याखाली कृत्रिम प्रकाश पडला.

तथापि नळीने किनाऱ्याशी किंवा होडीशी बांधलेला पाणबुड्या माशांमागे मोकळेपणाने फिरू शकत नव्हता. १९४३ साली जाक-ईव्ह कूस्तो हा नौदलाचा अधिकारी आणि एमिल गान्याँ हा अभियंता यांनी यावर उपाय शोधला. हवेच्या टाक्या पाठीवर बांधून, हवी तेव्हा हवी तेवढीच हवा देणारे साधन त्यांनी तयार केले. आता माणूस माशांबरोबर पोहू लागला. कूस्तोने ‘कॅलिप्सो’ या जहाजावरून सागरसफरी केल्या. त्यांवरील ‘मौनाचे जग’ अशा अर्थाच्या नावाच्या चित्रपटाला १९५६ साली कान येथील महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. समुद्र कधीही न पाहिलेल्या लोकांनी त्याचा तळ रंगांत पाहिला.

परंतु त्याच चित्रपटात एक दुःखद प्रसंग आहे. जहाजाच्या पंख्याने एक लहान देवमासा घायाळ होतो. रक्ताच्या वासाने शार्क गोळा होतात आणि संतापलेले खलाशी त्या शार्कनाच मारू लागतात. वास्तविक देवमाशाला जखम शार्कनी केली नव्हती. ती माणसाच्या जहाजाने केली होती. पाहुणा म्हणून गेलेला माणूस अजून पाहुण्यासारखे वागायला शिकला नव्हता. पुढे कूस्तोचे विचार पालटले आणि आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे त्याने समुद्राच्या रक्षणाचा पुरस्कार करण्यात वेचली.

खोल समुद्रातील जीव मात्र अजूनही माणसाला हुलकावणी देत होते. त्यांपैकी एक म्हणजे महाकाय माकूल. त्याचे डोळे थाळीएवढे असतात. मेलेली माकुले किनाऱ्याला लागत, त्यांचे अवशेष देवमाशांच्या पोटात सापडत. परंतु खोल पाण्यात संचार करणाऱ्या जिवंत माकुलाचे चलच्चित्र कोणालाच घेता आले नव्हते. पाणबुड्या नौका यंत्रांची घरघर करीत आणि प्रखर दिवे पाजळीत खाली जात. अंधारात राहणारे जीव त्या गोंगाटापासून दूर पळत असतील, तर ते दिसणार कसे?

एडिथ विडर या अमेरिकन विदुषीने हाच प्रश्न स्वतःला विचारला. पाणी तांबडा रंग आधी शोषून घेते, त्यामुळे खोल समुद्रातील बहुतेक जिवांचे डोळे तो रंग पाहतच नाहीत, हे तिला ठाऊक होते. म्हणून तिने तांबड्या दिव्यांचा, आवाज न करणारा कॅमेरा बनविला. सोबत एक आमिषही ठेवले. एका जातीच्या जेलीफिशवर कोणी हल्ला केला, तर ती निळा प्रकाश चक्राकार चमकविते. त्या प्रकाशाने हल्लेखोरापेक्षाही मोठा शिकारी आकृष्ट होतो, असे शास्त्रज्ञ मानतात. त्या प्रकाशाची नक्कल करणारे निळे दिवे कॅमेऱ्यासमोर लावण्यात आले. २०१२ साली जपानच्या ओगासावारा बेटांजवळ हा कॅमेरा समुद्रात सोडला गेला आणि महाकाय माकूल आपण होऊन त्याच्यासमोर आले! त्याच मोहिमेत त्सुनेमी कुबोदेरा या जपानी शास्त्रज्ञाने छोट्या पाणबुडी नौकेतून त्याचे जवळून दर्शन घेतले.

बूताँने पाण्याखाली दिवा लावला, कूस्तोने माणसाला मोकळे पोहायला शिकविले आणि विडरने दिवा मंद करून, आवाज बंद करून वाट पाहिली. पहिल्या दोघांच्या कामाने माणूस समुद्राच्या घरात शिरला; तिसरीच्या कामाने त्या घरचा रहिवासी निर्धास्तपणे सामोरा आला. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपला आवाज आणि आपला दिमाख बाहेर ठेवावा, ही साधी रीत आहे. समुद्राची रहस्ये जाणून घेण्यासाठीही तीच रीत उपयोगी पडली.