सृष्टीची राखण : सुरुवात घरापासून



पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक जगाला दिले. पृथ्वी हे आपल्या सर्वांचे सामायिक घर आहे, असे त्यात सांगितले आहे. त्याच्या २११व्या परिच्छेदातील गोष्टी अगदी साध्या आहेत. प्लास्टिक कमी वापरा, पाणी जपा, कचरा वेगळा करा, लागेल तेवढेच शिजवा, झाडे लावा, नको असलेले दिवे बंद करा. यासाठी पैसा लागत नाही, सवय लागते. आपल्या घरात हे कसे करता येईल ते पाहू.

१. पाणी : समुद्रालगतच्या गावांत विहिरी आणि बोअरवेलमधून जास्त उपसा झाला की जमिनीखालून खारे पाणी आत सरकते. एकदा खारी झालेली विहीर सहजासहजी गोड होत नाही. वसईतील बावखले पावसाचे पाणी जमिनीत मुरवतात. म्हणून बावखल बुजवू नये. दात घासताना नळ बंद ठेवावा. तांदूळ, भाजी धुतलेले पाणी झाडांना घालावे. छपराचे पाणी विहिरीजवळ मुरवावे.

२. अन्न : पाच भाकरींनी हजारो लोक तृप्त झाल्यावर येशूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, असे योहान सांगतो (६:१२-१३). बारा टोपल्या भरल्या. जो भाकरी वाढवू शकत होता, त्यानेही तुकडे टाकू दिले नाहीत. आपल्या लग्नात आणि बाप्तिस्म्याच्या जेवणात किती अन्न पानात टाकले जाते? थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. त्याआधी आपल्याकडे केळीचे पान होतेच. प्रत्येक समूहाने शंभर स्टीलची ताटे आणि पेले एकदाच घेऊन ठेवले, तर ते सर्वांच्या घरच्या कार्याला उपयोगी पडतील.

३. कचरा : ओला आणि सुका कचरा एकत्र टाकला की तो आपल्या दारातून जातो, पण संपत नाही. कचराभूमीवर कोणीतरी गरीब माणूस उघड्या हातांनी तो निवडतो. आपण घरीच दोन डबे ठेवले, तर त्याच्या हाताला घाण लागणार नाही, काच रुतणार नाही. शेजाऱ्यावरील प्रीतीचा हाही एक मार्ग आहे. ओल्या कचऱ्याचे वाडीतच उत्तम खत होते.

४. वीज : साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्याला नऊ युनिट लागतात. नऊ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. महाराष्ट्रातील बरीचशी वीज कोळसा जाळून तयार होते. म्हणजे वाचवलेले प्रत्येक युनिट हवाही वाचवते. मिस्सेला येताना जवळच्यांनी चालत यावे, दूरच्यांनी शेजाऱ्यांना गाडीत घेऊन यावे.

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने मानवाला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी (२:१५). आपण मालक नाही, राखणदार आहोत. पुढच्या पिढीच्या हाती गोड पाण्याची विहीर द्यायची की खाऱ्या, हे आपल्या रोजच्या सवयी ठरवणार आहेत.

समूहात चर्चेसाठी :
१. आपल्या घरात सर्वांत जास्त काय वाया जाते?
२. येत्या सणाला आपला समूह कोणती एक वस्तू वापरणे बंद करील?