नवी गाडी, डबलसीट

नवी गाडी घरी आली की चालवणारं माणूस आठवडाभर तिच्या मागे लागतं. मागचं माणूस मात्र थेट प्रवासाच्या पहाटे, सॅक पाठीला लावून, त्या सीटवर पहिल्यांदा बसतं. मग घाटातल्या वळणावर ते उलट्या बाजूला कलतं, प्रत्येक ब्रेकला हेल्मेटवर हेल्मेट आपटतं, शंभर किलोमीटरवर कंबर धरते आणि पुढच्या वेळी ‘तू एकटाच जाऊन ये’ असं उत्तर मिळतं. मी दोन्ही सीटांवर बसते, म्हणून ठामपणे सांगते की गाडीची सवय दोघांना व्हावी लागते, आणि मागच्या सीटची तालीम वेगळी, वेळ काढून करावी लागते.

पुढची कृती स्प्लेंडर किंवा स्कूटर सोडून ३५० सीसीच्या गाडीवर येणाऱ्या जोडप्यासाठी आहे. उदाहरणाला रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घेतली आहे. तुमची गाडी दुसरी असेल तर आकडे तिच्या पुस्तिकेतून घ्या, क्रम हाच ठेवा.

आधी एकट्यानं

इंजिन बंद ठेवून सुरुवात करा. स्प्लेंडरचं वजन ११२ किलो, क्लासिकचं १९५. हा फरक रस्त्यावर धावताना फारसा कळत नाही, पण पार्किंगमधून गाडी मागे घेताना, उतारावर उभी करताना, पायाखाली खडी आली की लगेच कळतो. सपाट जागी गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून दोन्ही हातांनी हँडल धरा, उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवा आणि गाडी चालवत न्या. वळवा, मागे घ्या, साइड स्टँडवर लावा. गाडी कमरेला टेकलेली असली की वजन सांभाळता येतं. अंगापासून लांब गेली की हातात राहत नाही.

नंतर गिअर. काही छोट्या गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबूनच पडतात. इथे पहिला खाली आणि उरलेले चार वर आहेत. जुन्या सवयीनं तिसऱ्यातून चौथा टाकायला पाय पुढे दाबला, तर दुसरा पडतो, मागचं चाक धरतं आणि गाडी झोल खाते. मागे कुणी बसलेलं असेल तर ते पाठीवर येऊन आदळतं. म्हणून पायाला नवी सवय लागेपर्यंत कुणालाही मागे बसवू नका. रिकाम्या रस्त्यावर चढत्या-उतरत्या क्रमानं गिअर टाकत राहा आणि डोक्यात मोजणं थांबलं की पुढच्या पायरीकडे जा.

या इंजिनाचा २७ न्यूटन-मीटरचा जोर ४००० फेऱ्यांवरच मिळतो. गाडी उचलायला इंजिन किंचाळवावं लागत नाही. क्लच सावकाश सोडला की गाडी नुसत्या त्याच्या जोरावर पुढे सरकते. हाच सावकाशपणा पुढे डबलसीटला कामाला येणार आहे.

पहिले पाचशे किलोमीटर

या काळात भार लादू नका, थ्रॉटल पूर्ण पिळू नका आणि एकाच वेगावर तासभर गाडी ठेवू नका. वेग थोडा कमी-जास्त होत राहू द्या, म्हणजे आतले भाग वेगवेगळ्या दाबाखाली एकमेकांशी जुळतात. वरच्या गिअरमध्ये गाडी कण्हत ओढणं हेही वेगाइतकंच वाईट. कोऱ्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो घासला जाईपर्यंत वळणात फार झुकू नका, ओल्या रस्त्यावर तर मुळीच नको. ब्रेकचे पॅडही डिस्कवर बसायला वेळ घेतात.

कंपनीनं ठरवलेल्या किलोमीटरला किंवा मुदतीला, जे आधी येईल तेव्हा, पहिली सर्व्हिस करून घ्या. त्यात ऑइल बदलतं, चेन ताणून घेतली जाते, बोल्ट आवळले जातात. ती झाल्याशिवाय कोकण-गोव्याचं नावही काढू नये, असं माझं मत आहे.

विम्याचा कागद याच सुमारास वाचून काढा. गाडीच्या मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा असतो. मागे बसणाऱ्यासाठी तसा विमा वेगळा मागावा लागतो. तो अवश्य घ्या.

गाडी दोघांसाठी लावून घ्या

शोरूममधून आलेली गाडी बहुधा एकट्या माणसासाठी लावलेली असते. मागचे शॉकॲब्सॉर्बर बघा. त्यांच्या अंगावर खाचा असलेली कडी असते. क्लासिकला अशा सहा पायऱ्या आहेत. पान्यानं ती एक-दोन पायऱ्या घट्ट करा, आणि डावी-उजवीकडे पायरी एकच ठेवा. दोघांनी प्रवासाचे कपडे घालून, सामान बांधून बसा, मग एखाद्या स्पीडब्रेकरवरून सावकाश जा. मागून ‘धप्प’ असा शेवटचा आवाज आला तर आणखी एक पायरी वाढवा. या एका कामानं मागच्या माणसाची निम्मी पाठदुखी कमी होते, आणि ते करायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

टायरमधली हवा सकाळी, टायर गार असताना भरा. डबलसीटसाठी मागच्या चाकाचा आकडा वेगळा आणि जास्त असतो. तो गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत मिळतो. पंपवाल्याला आकडा सांगून भरून घ्या, ‘नॉर्मल मारा’ म्हणू नका. चेनची ढिलाईही तपासा, कारण मागे भार आला की तिचा ताण बदलतो.

एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात, ती म्हणजे हेडलाइट. मागे माणूस बसलं की गाडीचं नाक वर जातं आणि डिपरचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. संध्याकाळी भिंतीपासून पाचेक मीटरवर गाडी उभी करा, एकटे बसून झोताची वरची कड खडूनं आखा, मग दोघं बसा. कड वर सरकली असेल तर दिवा खाली घ्या.

मैदानातली तालीम

आता खरा धडा. सकाळी रिकामं असणारं मैदान किंवा मोठं पार्किंग शोधा. दोघांनीही आयएसआय शिक्का असलेलं, हनुवटी झाकणारं हेल्मेट, पूर्ण बाह्यांचं जाकीट, जाड पँट आणि घोटा झाकणारे बूट घालूनच ही तालीम करावी, कारण बूट आणि जाकीट घातल्यावर हालचाल बदलते. ओढणी, लांब कुर्ता, जाकिटातून लोंबणारी दोरी, काहीही चाकाकडे जाता कामा नये. साइड बॅगा बसवायच्या म्हणून साडीगार्ड काढून टाकू नका. साडी नसली तरी ते पाय आणि कपडा चाकापासून लांब ठेवतं. बसायचं ते दोन्हीकडे पाय टाकूनच. सायलेन्सर कुठून जातो हे मागच्या माणसानं हात न लावता आधी बघून ठेवावं, उजव्या पोटरीला तो चांगलाच भाजतो.

चढण्याची रीत ठरवा. चालवणाऱ्यानं स्टँड वर घ्यावा, दोन्ही पाय जमिनीवर रोवावेत, पुढचा ब्रेक दाबावा आणि ‘बस’ म्हणावं. मागच्यानं डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवून डाव्या बाजूनंच चढावं. फूटरेस्टवर पाय देऊन चढलं की गाडी डावीकडे ओढली जाते, तेव्हा चालवणाऱ्यानं ती आधीच किंचित उजवीकडे तोलून धरावी. उतरतानाही ‘उतर’ ऐकल्याशिवाय हलायचं नाही. उभ्या उभ्या पडणाऱ्या गाड्या मला इथेच जास्त दिसल्या आहेत: चालवणाऱ्याचा एक पाय अजून हवेत असतो आणि मागचं माणूस उतरायला लागलेलं असतं.

मग निघणं आणि थांबणं, पुन्हा पुन्हा. मागच्याला झटका जाणवू न देता गाडी निघाली पाहिजे, आणि थांबताना हेल्मेट आपटता कामा नये. चालवणाऱ्यानं थांबताना मागचा ब्रेक आधी हलका लावावा, मग पुढचा वाढवत न्यावा. मागे वजन असल्यामुळे मागच्या चाकाला रस्ता चांगला धरता येतो, त्यामुळे एकट्यानं चालवताना होतो त्यापेक्षा त्या ब्रेकचा उपयोग जास्त. मागच्यानं ब्रेक जाणवताच मांड्या आवळाव्यात, एक हात मागच्या दांड्यावर ठेवावा, दुसरा पुढच्याच्या कमरेला. हात लांब असतील तर टाकीवर तळवे टेकवणं सगळ्यात चांगलं, भार पुढच्याच्या पाठीवर येत नाही.

यानंतर जोरात ब्रेक. आधी एकट्यानं, कोरड्या स्वच्छ जागेवर, ताशी ३० किलोमीटरवरून. एबीएस लागतं तेव्हा ब्रेकच्या दांडीत थरथर जाणवते. ती ओळखीची झाली पाहिजे, नाहीतर ऐन वेळी घाबरून हात सैल पडतो. मग तेच मागच्या माणसाला आधी सांगून. गाडी थांबायला आता किती जागा जास्त लागते हे दोघांनीही उतरून पावलांनी मोजावं. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपटीकडे जातं, म्हणून डबलसीटला पुढच्या वाहनापासून किमान चार सेकंदांचं अंतर ठेवा.

शेवटी यू-टर्न. नजर जिथे जायचं तिथे, क्लच अर्धवट, मागच्या ब्रेकवर हलका पाय, पुढच्या ब्रेकला हात नाही. मागच्यानं इतकंच करायचं की हलायचं नाही.

खुणा इथेच ठरवून टाका. इंटरकॉम असला तरी ठरवा, बॅटरी संपतेच. आमच्याकडे मांडीवर एक थाप म्हणजे ‘पुढच्या बऱ्या जागी थांब’, दोन म्हणजे ‘हळू’, सलग थापा म्हणजे ‘आत्ताच थांब’. चालवणाऱ्याची एकच खूण पुरते: खड्डा किंवा स्पीडब्रेकर दिसला की ‘उचल’ म्हणायचं, मग मागच्यानं अंगाचा भार फूटरेस्टवर घेऊन सीटवरून किंचित उठायचं. मणक्याला बसणारा दणका मग पाय घेतात.

पहिला घाट

पुण्याहून निघणाऱ्यांनी दिवे घाट चढून सासवडमार्गे जेजुरीपर्यंत जावं, गडावर जाऊन यावं आणि दुपारी परतावं. रस्ता मोकळा मिळावा म्हणून पहाटे निघा आणि रविवार टाळा. तेवढ्यात सीट कुठे टोचते, हेल्मेटमध्ये वारा कुठून शिरतो, सगळं कळतं. नंतरच्या खेपेला वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, आणि एक मुक्काम महाबळेश्वरला.

वळणात मागच्या माणसासाठी नियम एकच, आणि तो सोपा आहे. वळण ज्या बाजूला, त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं. उजवं वळण तर पुढच्याच्या उजव्या खांद्यावरून. एवढ्यानं अंग आपोआप गाडीबरोबर झुकतं. जास्त कलायची गरज नाही आणि उलट कलायचं तर अजिबात नाही. चालवणाऱ्यानं वेग वळणाआधी कमी करावा आणि वळणात थ्रॉटल एकसारखा धरावा. उजव्या वळणात मधल्या रेषेच्या जवळून गेलात तर चाकं तुमच्या बाजूला असली तरी झुकलेली दोन डोकी समोरच्या लेनमध्ये असतात. तिथे एसटी वळण घेत असू शकते. डावीकडेच राहा.

उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणं हा गुन्हा समजा. चढताना जो गिअर लागला, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. दोघांचं वजन आणि सामान घेऊन सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात आणि त्यांचा जोर कमी होतो. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्या.

सामान

गाडीच्या एकूण मान्य वजनातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. उरतं त्यात तुम्ही दोघं, कपडे-बूट आणि सामान मावलं पाहिजे. बहुतेकांना इथे धक्का बसतो आणि तिसरी पँट घरी राहते. जड वस्तू साइड बॅगांत खाली, दोन्हीकडे सारख्या. मागच्या चाकाच्याही मागे टांगलेला जड डबा पुढचं चाक हलकं करतो, तिथे फक्त कपडे. मागच्या माणसाच्या पाठीवर सॅक नको. ती सीटवर टेकली तरी ब्रेकला मागे-पुढे ओढते. तारांच्या चाकांत ट्यूब असते, म्हणून एक ट्यूब सोबत ठेवा.

आता कोकण

पहिल्या लांब प्रवासासाठी मला किनाऱ्याइतकी योग्य वाट दुसरी दिसत नाही. अंतरं छोटी आहेत, वेग आपोआप कमी राहतो आणि दिवसभरात थांबायला कारणं मिळतात. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर. मुंबईकरांना मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकी नेता येत नाही, पण त्यांना त्याची गरजही नाही: भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीनं गाडी घेऊन उतरा, अलिबाग, मुरुड, मग आगरदांडा ते दिघी फेरीबोट. पुढे दोघांचा रस्ता एक. बागमांडला ते वेसवी बोटीनं, केळशी, आंजर्ले, हर्णै. दाभोळ ते धोपावे बोटीनं, गुहागर. तवसाळ ते जयगड बोटीनं, गणपतीपुळे. परतताना रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर.

जेट्टीचा उतार भरतीच्या पाण्यानं ओला आणि शेवाळलेला असतो, बोटीचा पत्रा निसरडा. मागच्या माणसानं उतारापूर्वीच उतरावं आणि चालत बोटीत जावं. चालवणाऱ्यानं पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला न झोंबता सरळ जावं. बोटीत गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवून साइड स्टँडवर लावा आणि जवळ उभे राहा.

दिवसाला २०० किलोमीटरच्या आत राहा आणि तासाभरानं थांबा. मागच्याचं अंग पुढच्याच्या आधी अवघडतं, तेव्हा थांबायचा निर्णय मागच्याचा. अंधारापूर्वी मुक्कामाला पोचा. लाल माती, गुरं आणि न आखलेल्या कडा रात्री दिसत नाहीत.

परतल्यावर

खारा वारा दोन दिवसांतही चेन आणि नट-बोल्टवर गंज आणतो. गाडी गोड्या पाण्यानं सावकाश धुवा, दाबाचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर मारू नका. चेन पुसून तेल द्या, ढिलाई पुन्हा बघा. शॉकॲब्सॉर्बर आणि मागची हवा एकट्याच्या आकड्यावर आणा, दिवाही. नंतर दोघांनी मिळून लिहून ठेवा: सीट कुठे टोचली, कोणती बॅग उघडलीच नाही, कोणती खूण कळली नाही. पुढच्या प्रवासाआधी त्यातली एकेक गोष्ट दुरुस्त करून घ्या.