एलईडी हेडलाईट आणि अंतर्गोल आरशाचा धडा



बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रात्रभर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. पुष्कळांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. त्यामुळे "गाडीला एलईडी टाकून घ्या, लख्ख दिसतं," असं कुणी सांगितलं की आपल्याला पटतं. पण टाकण्याआधी नववीच्या विज्ञानातला अंतर्गोल आरसा एकदा आठवून बघा. मुलांना शिकवायलाही हे उदाहरण चांगलं आहे.

हेडलाईट कसा चालतो?

हेडलाईटच्या आतली चकचकीत वाटी म्हणजे अंतर्गोल आरसाच. दिवा त्याच्या नाभीवर ठेवला की परावर्तित किरण समांतर जातात आणि उजेड लांब पडतो. हा झाला अप्पर. हॅलोजन बल्बमध्ये डिपरची तार वेगळी असते. ती नाभीच्या थोडी पुढे असते आणि तिच्या खाली पत्र्याची छोटी आडोशी असते. त्यामुळे उजेड वाटीच्या वरच्या भागावरच पडतो आणि खाली रस्त्याकडे वळतो. सगळा खेळ काही मिलिमीटरचा आहे.

आता त्याच वाटीत एलईडी बल्ब बसवला आणि त्याचे दाणे तारेच्या जागी आले नाहीत, तर किरण कुठेही फाकतात. आपल्याला जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, लांबचं मात्र नीट दिसत नाही. डिपर दिला तरी फोकस समोरच्याच्या डोळ्यावर जातो.

एक गणित

समोरचा ताशी ४० किमी वेगाने येतोय. म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. आपल्या उजेडाने त्याचे डोळे दोन सेकंद दिपले असं धरूया. तेवढ्यात तो २२ मीटर काही न दिसता पुढे येतो. त्या २२ मीटरमध्ये बिनदिव्याची ट्रॉली उभी असेल तर? हा प्रश्न मुलांना जरूर विचारा.

बदलायचाच असेल तर

१. वॅट म्हणजे उजेड नव्हे, ती लागणारी वीज. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. एलईडी कमी वॅटमध्ये जास्त ल्युमेन देतो, म्हणून ३५ वॅटच्या हॅलोजनच्या जागी ३५ वॅटचाच एलईडी लागत नाही.

२. काही जुन्या गाड्यांत रेस वाढवली की लाईट वाढतो, सोडली की मंद होतो. तिथे हेडलाईटला एसी करंट येतो. एलईडीला डीसी लागतो. हे मिस्त्रीला आधी विचारा.

३. एलईडी मागच्या बाजूने तापतो. मागचा पंखा किंवा जाळी रबरी टोपणाखाली कोंबू नका.

४. नुसता बल्ब घालण्यापेक्षा त्याच मॉडेलसाठी बनवलेला, मान्यताप्राप्त पूर्ण हेडलाईट बरा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

भिंतीवरची परीक्षा

सपाट जागेवर गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करा. हेडलाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. गाडीवर बसून डिपर लावा. उजेडाची वरची कड रेघेच्या खाली हवी. वर जात असेल तर हेडलाईट खाली वाकवून घ्या. कडच नसेल, उजेड सगळीकडे पसरला असेल, तर तो बल्ब काढून जुना परत बसवा.

वर्गासाठी कृती

डोकं फिरवून फोकस लहान-मोठा होणारी जुनी बॅटरी वर्गात आणा. उजेड भिंतीवर पाडून डोकं हळूहळू फिरवा. मुलांना वहीत दोन आकृत्या काढायला सांगा: दिवा नाभीवर असताना आणि नाभीपासून सरकल्यावर. मग विचारा, "दिवा तोच, सेलही तेच, तर उजेड कशामुळे बदलला?" उत्तर मुलांनाच शोधू द्या. आणि घरच्या गाडीची भिंतीवरची परीक्षा बाबांबरोबर किंवा आईबरोबर करून यायला सांगा. तोच गृहपाठ.