आकाशाची परीक्षा

उन्हाळ्यात रात्री गच्चीवर झोपल्यावर तुम्ही चांदण्या पाहिल्या असतील. त्या सारख्या लुकलुकतात. आपल्याला त्याची गंमत वाटते. खगोलशास्त्रज्ञांना मात्र ती मोठी अडचण वाटते. असे का बरे?

तारा स्वतः लुकलुकत नाही. त्याचा प्रकाश हवेच्या अनेक थरांतून आपल्याकडे येतो. काही थर गरम, तर काही थंड असतात. ते सतत हलतात, म्हणून प्रकाशाची वाट क्षणोक्षणी बदलते. वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेले नाणे हलताना दिसते, तसेच हे आहे. मोठ्या दुर्बिणीतून ताऱ्याचा बारीक ठिपका दिसण्याऐवजी पसरट डाग दिसतो. शिवाय हवेतील बाष्प ताऱ्यांचे काही किरण शोषून घेते.

म्हणून मोठ्या दुर्बिणी उंच आणि कोरड्या जागी उभारतात. तेथे डोक्यावर हवा कमी असते. पण नुसती उंची पुरत नाही. वारा सोसाट्याचा असेल, तर हवा ढवळून निघते. मोठी दुर्बीण एकदा बसवली की सहज हलवता येत नाही. जागा चुकली, तर पैसा आणि श्रम वाया जातात. म्हणून आधी आकाशाची परीक्षा घ्यावी लागते.

बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने १९९० नंतरच्या दशकात लडाखमधील हानले येथे अशी परीक्षा घेतली. ही जागा सुमारे ४५०० मीटर उंच आहे. हिमालयाच्या रांगा पावसाळी ढगांना अडवतात, म्हणून तेथे पाऊस फार थोडा पडतो. पण हिवाळ्यात पारा शून्याखाली २५ अंशांपर्यंत उतरतो. हवा इतकी विरळ, की थोडे चढले तरी दम लागतो. अशा ठिकाणी तापमान, ओलावा, वारा आणि ढग यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या.

हवेची चंचलता मोजण्याची एक युक्ती आहे. लहान दुर्बिणीच्या तोंडावर दोन भोकांचे झाकण लावतात. मग एकाच ताऱ्याच्या दोन प्रतिमा मिळतात. त्या एकमेकींच्या तुलनेत किती हलतात, हे मोजतात. जितकी हालचाल कमी, तितकी हवा शांत.

हानले या परीक्षेत उतरले. सप्टेंबर २००० मध्ये तेथील दोन मीटर व्यासाच्या आरशाच्या 'हिमालयन चंद्रा' दुर्बिणीने प्रथम आकाश पाहिले. २०२२ मध्ये हा परिसर अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आता गावकरीही दिव्यांचा उजेड आवरून हे आकाश जपतात.

शब्दार्थ : बाष्प – पाण्याची वाफ, विरळ – पातळ, चंचलता – अस्थिरपणा, व्यास – वर्तुळाची मध्यातून मोजलेली रुंदी.

प्रश्न :
१. तारे लुकलुकताना का दिसतात?
२. दुर्बीण बसवण्यापूर्वी कोणत्या नोंदी ठेवतात?
३. हानले येथे पाऊस कमी का पडतो?