घेणाऱ्याचा पाठ

जुने कपडे द्यायचं आपण नेहमी बोलतो. आज घेण्याविषयी.

शाळा उघडायच्या आधी आम्ही काही जणी अंबरपेठेतल्या एका धर्मादाय दुकानात गेलो. वापरलेले पण चांगले कपडे, थोडी किंमत, पैसा सेवेला. स्वस्त दिसलं म्हणून पिशव्या भरल्या, वर सवयीनं घासाघीसही केली! मागे उभी बाई मुलीसाठी गणवेशाचा फ्रॉक शोधत होती. तो आमच्या पिशवीत, 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून घेतलेला. काढून दिला, पण मान खाली गेली.

किंमत का ठेवतात? फुकट घेताना माणूस लाजतो. दहा रुपये मोजले की तो गिऱ्हाईक होतो. १९९९ साली अंशू गुप्तांनी दिल्लीत सुरू केलेल्या 'गूंज'नंही हेच ओळखलं. गावकरी विहीर खोदतात, रस्ता दुरुस्त करतात, कपडे मोबदला म्हणून घेतात. आणि जुन्याची लाज कसली? गाडगेबाबा तर चिंध्यांची गोधडी पांघरून फिरले.

गरज असेल तर जरूर घ्यावं, सांगितलेली किंमत देऊन. शाळेचे कपडे, दप्तरं मात्र जूनमध्ये दुसऱ्यांसाठी राहू द्यावीत. आमच्या न नेसलेल्या दोन साड्या येत्या रविवारी परत जाताहेत, इस्त्री करून.