दाणा पाहून माती कळत नाही

नागपूरच्या इतवारीत तांदळाचा धंदा करताना पटलेल्या या गोष्टी.

१. भावाआधी पाणी विचारा. लांबी, कणी, ओल, वास हे तळहातावर कळतं. आर्सेनिक, कॅडमियम, शिसं कळत नाही. चिन्नोर असो की एचएमटी, दूषित बांधीतला दाणाही तितकाच देखणा असतो.

२. आपल्या शेजारून वाहणारी नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दला साठतं. शहराने सोडलेलं पाणी धानपट्ट्याच्या वाटेलाच जातं. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत गेली. कोळशाच्या राखेत हे धातू थोडेथोडे असतातच. सातबाऱ्यावर अशी नोंद होत नाही.

३. धानालाच जास्त धोका का, हे समजून घ्या. बांधीत पाणी साचलं की मातीतली हवा संपते. लोहाच्या ऑक्साइडने धरून ठेवलेलं आर्सेनिक सुटतं आणि सिलिका ज्या वाटेने मुळांत शिरते त्याच वाटेने आत जातं. बांधी सुकवली तर आर्सेनिक कमी होतं, पण कॅडमियम मोकळं होतं. म्हणून तपासणीशिवाय ‘पाणी काढ’ हा सल्ला अर्धवट आहे. जपानात तोयामाला खाणीचं कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत गेलं. हाडं ठिसूळ होऊन माणसं वेदनेने कण्हायची. सरकारने १९६८ मध्ये तो प्रदूषणाचा आजार मानला. शेतांची माती सुधारण्याचं काम २०१२ पर्यंत चाललं.

४. भात भरपूर स्वच्छ पाण्यात शिजवून पेज काढली तर आर्सेनिक बरंच उतरतं. थोडी जीवनसत्त्वंही जातात. कॅडमियमवर मात्र हा उपाय फारसा चालत नाही. बिनपॉलिशच्या तांदळात आर्सेनिक जास्त, कारण ते कोंड्यात साठतं. लहान मुलांना रोज तोच देऊ नका.

५. संशय आला म्हणून गावाचं धान नाकारू नका. राख शेतकऱ्याने मागवली नव्हती. भाव पाडला तर दुखणं लपवलं जाईल.

६. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह वगैरे. आर्सेनिक, कॅडमियम, शिसं त्यात नाही. राखतलावांच्या आणि नदीकाठच्या गावांसाठी हे तीन घटक जोडावेत, आणि खर्चातला वाटा आम्हा व्यापाऱ्यांनी पोत्यामागे उचलावा. मी उचलायला तयार आहे.